वाइसाले कुठेही जाणार नाही

"खुर्चीला हात लावायचा नाही," नेमानी म्हणाला.

गाडीतून उतरलेले दोघे तरुण जागीच थांबले. चाकांच्या खुर्चीत बसलेला वाइसाले मान खाली घालून बसून राहिला. शांतिसेनेत असताना परक्या वाळवंटात त्याची गाडी सुरुंगावर गेली होती. तेव्हापासून कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं.

लोसालिनीने चपला दाराबाहेर काढल्या आणि आत येऊन चटईवर बसली. जखमी सैनिकांना आणि त्यांचं करणाऱ्या घरच्या माणसांना आधार देणाऱ्या संस्थेतून ती आली होती. राजधानीतून, सुवाहून निघताना तिला वाटलं होतं, म्हातारा नेमानी सुटलो म्हणेल.

"बाबा, मागच्या आठवड्यात तुम्ही दोघं न्हाणीत पडलात. नर्सनं सांगितलं मला."

"पडलो. उठलोही. ते नाही का सांगितलं तिनं?"

"तुमच्या बरगड्यांना मार लागलाय."

"रग्बी खेळायचो तेव्हा दर शनिवारी लागायचा. तेव्हा कुणी गाडी नाही पाठवली."

एक तरुण हसला. लोसालिनीने त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पायरीवर जाऊन बसला.

"हसण्यावारी नेऊ नका, बाबा. हा तुमच्या दुप्पट वजनाचा. रात्री याला कुशीवर वळवायचं, सकाळी उचलायचं, धुवायचं. लिटियामावशी होत्या तोवर दोघं होतात. आता एकटे आहात."

नेमानीच्या बायकोला, लिटियाला, जाऊन वर्षही झालं नव्हतं. वाइसालेला वळवताना गुडघ्यांमध्ये उशी घालायची हे तिनेच त्याला शिकवलं होतं. उशी सरकली की ती झोपेतसुद्धा ओरडायची. आता ओरडणारं कुणी नव्हतं, म्हणून तोच दोनदा बघायचा.

"सुवात वॉर्ड आहे," लोसालिनी म्हणाली. "नर्सा आहेत, उचलायला यंत्र आहे. तुम्ही रविवारी भेटायला या."

"रविवारी चर्च असतं."

"मग शनिवारी या."

"शनिवारी याला मैदानावर नेतो. आमचा संघ हरतो, हा पोटभर शिव्या देतो. आठवडाभराचं औषध आहे ते. तुमच्या वॉर्डात देता येतील का शिव्या?"

लोसालिनी वाइसालेकडे वळली. "तू सांग. तुला काय हवंय?"

वाइसालेने मान वर केली नाही. "न्या मला. फार केलं यांनी. मला यांच्याकडे बघवत नाही."

"मग नको बघू," नेमानी म्हणाला. "खिडकीतून नदी बघ. नदी नको तर डुकरं बघ. पण इथेच राहून बघ."

"बाबा, तुम्हाला काही झालं म्हणजे?" वाइसालेने विचारलं.

"मला काय होतंय? आणि झालं तर गाव आहे. तू गप्प बस, उकडलेला कसावा गार होतोय तुझा."

"हट्ट करू नका," लोसालिनी म्हणाली. "मी तुमच्या भल्यासाठीच आलेय."

नेमानी तिच्यासमोर मांडी घालून बसला. बसताना बरगडीत कळ आली, पण त्याने ती दिसू दिली नाही.

"ऐक, पोरी. माझं भलं करायचंय ना? मग आठवड्यातून दोनदा हे तुझे धट्टेकट्टे गडी इकडे पाठव. हे दोघं त्याला आंघोळ घालतील, मी आंब्याखाली झोपेन. न्हाणीत धरायला दांडा बसव. ते उचलायचं यंत्र सुवात आहे म्हणतेस, एक इकडे पाठव. त्याला उचलून नेलंस तर मला आधार दिला असं म्हणू नकोस. घर रिकामं केलं म्हण."

"आमचा नियम वेगळा आहे."

"मग नियमाला इथे आण. चहा पाजतो त्याला. पण वाइसाले कुठेही जाणार नाही. न्यायचाच असेल तर आधी मला उचला. वजन कमी आहे माझं, तुम्हाला जड जाणार नाही."

लोसालिनीने पायरीवरच्या तरुणाला हाक मारली. "टेप आहे का रे गाडीत? न्हाणीचं माप घ्या. आणि वाइसालेला बरोबर न्या, दांडा कुठे हवा ते तोच सांगेल."

दोघांनी खुर्ची हळूच बाहेर ढकलली. वाइसाले दाराशी म्हणाला, "उंबऱ्याला चाक अडकतं, जरा उचला." नेमानी उठायला लागला, मग परत बसला. पोरांनी चाक उचललं होतं.

"तुम्ही जिंकलात, बाबा," लोसालिनी हसून म्हणाली. "पण एक सांगते. पोटच्या पोरापुढे हात टेकलेले आईबाप मी रोज बघते. तुमच्यासारखा बाप मी पाहिला नाही."

"मी कुठे त्याचा बाप? त्याचा बाप नदीपलीकडे राहतो. पोरानं नाव घालवलं म्हणतो, इकडे फिरकत नाही."

लोसालिनीचं हसू थांबलं. "मग हा तुमच्याकडे कसा?"

"दवाखान्यातून सुटला तो थेट या दाराशी आला. मित्रांनी खुर्चीसकट उचलून आणलं. दोन्ही हातांत देवमाशाचा दात धरलेला. आम्ही त्याला दुपारभर बाहेर उन्हात ठेवलं. शेवटी लिटिया म्हणाली, घ्या तो दात. मी घेतला."

लोसालिनी त्याच मातीतली होती. दात पुढे करून माणूस क्षमा मागतो, आणि समोरच्याने तो घेतला की झालेलं सगळं पुरून टाकायचं असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"कशाची क्षमा?" तिने हळू आवाजात विचारलं.

"सुरुंग काढून आखून दिलेली वाट सोडून त्यानं गाडी आडवाटेला घातली, त्याची," नेमानी म्हणाला. "शेजारी आमचा एकुलता एक बसला होता."