पुढचं चाक

बाळांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. सामानाच्या ट्रॉलीला असतं तसं गरगर फिरणारं एक चाक पुढे, एक मागे आणि वर हात-दोन हात लांबीची फळी. तुम्ही तिच्यावर आडवे उभे आहात. जमिनीला पाय लावायचा नाही. नुसती कंबर हलवायची, की फळी सापासारखी पळते. अशा दोन फळ्या अष्टमी गावातल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये पडल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये बारा वर्षांची मैना उभी आहे. सगळे तिच्यावर चिडलेत.

"तीन टाके पडले पोरीला!" रोहिणीकाकी ओरडली. "सुट्टीत हौसेनं बोलावलं हिला, आणि हे पांग फेडलेस गो?"

काकीची मुलगी दिशा हनुवटीला पट्टी लावून पायरीवर बसली होती. सकाळी तिची फळी चालता चालता गर्रकन वळली होती आणि ती तोंडावर आपटली होती.

"काल हिनंच माझी फळी उलटी करून बघितली," दिशा म्हणाली. "जळते ती. तिची जुनी हाय ना."

"नुसत्या दोन्ही ताडून बघितल्या. खोललं काय नाय," मैना म्हणाली.

"मग काय भुतानं खोललं?" प्रवीणकाका पुढे आला. "माफी माग. नायतर आत्ताच्या एसटीनं गडबला, तुझ्या गावाला जा. आणि तुझी फळी हितंच राहील."

मैनाचे डोळे भरले. पण तिने माफी मागितली नाही. ती खाली बसली आणि दोन्ही फळ्या उलट्या करून शेजारी शेजारी ठेवल्या. मग चारही चाकांना बोटाने टिचकी मारली.

चाकं फिरली, डुलली, थांबली. मैनाच्या फळीची दोन्ही चाकं शेपटीकडे कलली होती. दिशाच्या फळीचं मागचं चाक शेपटीकडे होतं, पुढचं मात्र नेमकं उलट, पुढच्या टोकाकडे.

"काल चारही शेपटीकडेच होती," मैना म्हणाली.

काका हसला. "मला शिकवतेस? बावीस वर्षं कंपनीत फिटर हाय मी. तुझी फळी एकसंध प्लास्टिकची, मध्ये वाकणारी. हिची दोन तुकड्यांची, मध्ये लोखंडी दांडा, स्प्रिंग. बनावटच वेगळी. ताडतेस काय?"

"मधला भाग वेगळा हाय, काका. चाकाची खीळ, जिच्याभोवती चाक गरगरतं ती, दोन्हींत सारखीच तिरकी हाय. चाकानं फळीच्या मागून यावं म्हणून ती तिरकी. हिचं पुढचं चाक पुढं धावायला बघतं, मग फळीच फिरते."

"आणि ते तसं बसवलं कुणी?" काकाने दरडावलं.

दिशा पट्टीवरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "पप्पा, सकाळी चाकात केस अडकलेले... तुम्हीच खोललंत ना."

"खोललं, आणि बरोबर बसवलं!" काकाचा आवाज चढला. "दोन टोकं, दोन चाकं. एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. कंपनीतल्या ट्रॉलीला रोज तशीच बसवतो."

"ट्रॉलीची खीळ सरळ असते, काका. तिला कसंही चालतं."

काकीने काकाकडे पाहिलं. वरच्या गॅलरीतून कुणीतरी खुदकन हसलं. काकाचे कान लाल झाले.

"बनवणाऱ्यांनीच खूण करायला पायजे होती," तो म्हणाला. "आणि तू, मोठ्यांना उलट बोलतेस? हीच शिकवण हाय का गडबात? माफी मागायचीच हाय तुला."

"कशाची?" मैनाने विचारलं.

स्कूटरच्या डिकीतून पाना काढून काका दिशाच्या फळीशी बसू लागला. मैनाने मध्येच हात पुढे केला आणि त्याच्या बोटांतून पाना काढून घेतला. काका बघतच राहिला.

"आण इकडं!"

मैनाने पाना काकाला दिला नाही. स्वतःही लावला नाही. ती पायरीपाशी गेली, दिशाचा हात धरून तिला फळीपर्यंत आणलं आणि पाना तिच्या मुठीत ठेवला.

"चार बोल्ट हायत," ती म्हणाली. "ह्यो आधी ढिला कर."