शेवटचा नळ

"अक्का, उठा त्या झाकणावरून!"

"नाही उठत."

झाकणाखाली शहराचा मुख्य व्हॉल्व्ह होता आणि त्याची लांबलचक लोखंडी चावी अक्कांच्या मांडीवर. सहाला सुटणारं पाणी साडेआठ झाले तरी सुटलं नव्हतं. टाकीच्या आवारात शंभरेक माणसं बादल्या, कळशा, डबे घेऊन जमली होती. बावीस वर्षं याच बाईने शहराला पाणी सोडलं होतं. ताप असो, घरात सुतक असो, एक दिवस खाडा नाही. म्हणून तर लोकांना कळेना, हिला आज झालंय काय. कोणी विनवलं, कोणी दमात घेतलं. केस कापणाऱ्याने तर हातच जोडले, "अक्का, गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासून आलोय हो!"

लोक हसले. अक्का हसल्या नाहीत.

सगळ्यांच्या पुढे त्यांची सख्खी नणंद उभी होती. ती राहायची खालच्या वस्तीत, जिथे पाण्याची लाइन संपते. तिची चार वर्षांची नात दोन दिवस दवाखान्यात होती.

"वहिनी, तिकडे पोरीला सलाइन लावलंय. तिची भरलेली फडकी धुवायला घरात थेंब नाही. आणि तुम्ही इथे ठाण मांडून बसलात? माणूस आहात की धोंडा?"

"हेच पाणी पिऊन पडलीय ती, वन्सं."

"काहीतरीच! ऊन लागलंय तिला."

अक्कांनी पिशवीतून काचेची नळी काढली आणि केस कापणाऱ्याच्या हातात दिली. "टाकीच्या नळाखाली धर आणि आण." तो भरून घेऊन आला. अक्कांनी नळीत दोन थेंब औषध टाकलं. "पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे. बघा."

सगळ्यांनी माना लांब केल्या. पाणी जसंच्या तसं राहिलं, नितळ.

"चांगलं स्वच्छ तर आहे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"रोग डोळ्यांना दिसत असता तर कशाला बसले असते मी इथे?" अक्का म्हणाल्या. "क्लोरीन सोडायचं यंत्र बंद पडलंय. काल सकाळी पाणी आल्यावर वन्संच्या दारातला नळ तपासला, तिथेही काही नाही. तिथून उठून तडक पाणीखात्याच्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, सुटा भाग मागवलाय, तोवर पाणी सोडत राहा."

तेवढ्यात साहेबांची जीप आत आली. साहेब उतरले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"कोणाच्या हुकमाने पाणी बंद केलंत?"

"तुमच्याच," अक्का म्हणाल्या. "तो काय, भिंतीवर लावलाय. शेवटच्या नळाला क्लोरीन सापडलं नाही तर पुढचा पुरवठा करू नये. खाली सही तुमची आहे."

लोकांत खसखस पिकली. साहेबांचे कान लाल झाले. ते टाकीशेजारच्या खोलीत गेले आणि लांबट वही घेऊन बाहेर आले.

"ऐका सगळे! यांच्या त्या थेंबांची मुदत संपलेली आहे. ही सरकारी वही. शेवटच्या नळाची रोजची तपासणी. चौदा तारीख, पॉइंट दोन. पंधरा, पॉइंट दोन. सोळा, पॉइंट दोन. नियमाप्रमाणे जेवढं हवं तेवढं क्लोरीन. आता बोला!"

आवाराचा रंग पालटला. "डोकं फिरलंय बाईचं," "चावी काढून घ्या," असे आवाज उठले. दोघं बाह्या सरसावून पुढेही आले. अक्कांनी चावी छातीशी धरली.

"साहेब, आजचं वाचा."

"सतरा. पॉइंट दोन."

"आज मी पाणीच सोडलेलं नाही. शेवटच्या नळाला कुठून आलं? आता उद्याचं वाचा."

साहेबांनी वही मिटली. पण नणंदेने ती त्यांच्या हातातून ओढलीच. सातवीपर्यंत शिकलेली बाई. आकड्यांवरून बोट फिरवत ती मोठ्याने वाचू लागली. "अठरा, पॉइंट दोन. एकोणीस, पॉइंट दोन. वीस... अगं बाई! तीस तारखेपर्यंत पॉइंट दोन!"

मग जो गलका झाला तो विचारू नका. बाह्या सरसावलेले दोघं आता साहेबांकडे वळले. साहेब घाईघाईने अक्कांच्या कानाशी वाकले. "पाणी बंद राहील, टँकर मागवतो, यंत्र आजच्या आज दुरुस्त करवतो. तुमचं सगळं खरं. फक्त आता एक अक्षर बोलू नका. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

अक्कांनी मान वर केली. समोर नणंद उभी होती. नात कशाने आजारी पडली ते तिला आता उमगलं होतं. तिने वही सगळ्यांसमोर उंच धरली.

"कोणी लिहिलं हे? न तपासताच? माझी पोर तिकडे डोळे पांढरे करतेय! ज्याने लिहिलं त्याचा हात झडो!"

जमाव साहेबांकडे बघत होता. साहेब अक्कांकडे.

अक्का उभ्या राहिल्या. झाकणावरचे पाय मात्र त्यांनी हलवले नाहीत.

"दर महिन्याच्या एक तारखेला, चहा पिता पिता, एका बैठकीत मी लिहिते हे, वन्सं," त्या म्हणाल्या. "हात माझा आहे. काय करायचं ते करा. पण पाणी सुटणार नाही."