वाढवलेली उमेद

परांचीवरून बळीराम खाली कोसळला, तेव्हा त्याची बायको इंदर वर स्लॅबवर काँक्रीटचं घमेलं ओतत होती. साइटवरची हेल्मेटं मजुरांच्या डोक्यात उमेद सोडायची; सकाळपासून बळीरामच्या हेल्मेटची उमेद इतकी वाढवलेली होती, की कामाच्या झपाट्यात त्याने कमरेचा पट्टाही अडकवला नव्हता.

इंदर घमेलं टाकून किंचाळत जिन्याकडे धावली.

स्लॅब अर्धाच भरला होता. आता काम थांबलं तर सांधा कच्चा राहणार होता. सुपरवायझर कुलथ्यांनी तिला हाक मारली नाही, मोबाइलवर फक्त तिच्या हेल्मेटची उमेद वाढवली.

इंदर पहिल्याच पायरीवर थबकली. डोक्यातून ऊब उतरत गेली, छाती हलकी झाली, हात कामासाठी शिवशिवू लागले. नवरा खाली पडलाय हे तिला कळत होतं, पण कुणा परक्याची बातमी ऐकावी तसं. ती मागे फिरली.

"इंदर, अगं, तुझा माणूस गेला," शेजारची कासाबाई म्हणाली. तिच्याही चेहऱ्यावर हसूच होतं.

"पाह्यलं मी," इंदर हसत म्हणाली. "भर लवकर."

पाळी सुटली. कुलथे हेल्मेट जमा करायला आले, तेव्हा तिने ते दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट दाबून धरलं.

"साहेब, काढू नका. दुसऱ्या पाळीलाही राहते मी. फुकट राबते."

कुलथ्यांना तिची दया आली. त्यांनी तिला विटा वाहायला लावलं. बळीरामला घेऊन गाडी फाटकाबाहेर पडली, तेव्हा इंदर विटा घेऊन जिना चढत होती.