हॉर्नचं माप

फ्रिज बंद.

"हॉर्नबरोबर? त्यापेक्षा दूध नासलेलं परवडलं," चौथ्या मजल्यावरची नर्स म्हणाली आणि जिन्यात जमलेली अख्खी इमारत हसली.

योजना शिंपीणकाकूंची होती. दोन घरांत मिळून एकच फ्रिज चालवायचा, एकच इस्त्री, एकच टीव्ही. महिनाभरात समोरच्या इमारतीपेक्षा कमी वीज जाळून दाखवायची. हरलो, तर समोरच्या झाडून सगळ्या खिडक्यांना पडदे काकू फुकट शिवून देणार. जोशात बोलून बसल्या होत्या. आणि बोललेलं उसवायची त्यांना सवय नव्हती.

बाकी सगळ्यांच्या जोड्या लागल्या. उरला हॉर्न. निवृत्त बसचालक. आवाज अजून रस्त्यावरचाच, आणि घरातले दिवे दिवसाढवळ्या चालू.

"द्या इकडं," काकू म्हणाल्या. "हे लचांड दुसरं कोण घेणार? नाहीतरी दोन्ही घरांत खाणारं तोंड एकेकच."

इस्त्री बंद.

हॉर्नची, अर्थात. काकूंची तर शिवणकामामुळे तापलेलीच असायची. तो कपडे घेऊन यायचा, दूध घेऊन जायचा, आणि दारात रोज तमाशा.

"अहो हॉर्न, फ्रिजचं दार लावायला कंडक्टर ठेवलाय का?"

"काढलं बघा माझं माप!" हॉर्न जिन्यात ओरडायचा. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. औषधाच्या गोळीसारखं!"

"माणसानं मापात राहावं. म्हणजे काढावं लागत नाही."

टीव्ही बंद.

सगळ्याच मजल्यांवर. हे भांडण जास्त रंगायचं. ते ऐकायला लोक दारं उघडी ठेवायचे, त्यामुळे जिन्यातून वारा खेळायचा, त्यामुळे पंखेही बंद.

........ बंद.

महिना संपला. मीटर वाचणारा आला. दोन्ही इमारती अंगणात जमल्या. त्यानं बेरीज केली, डोकं खाजवलं, पुन्हा केली.

"बरोबरी," तो म्हणाला. "आता आणखी काय बंद करता बोला. ज्याचं मोठं, तो जिंकला."

समोरच्या इमारतीतला औषधवाला तयारीतच होता. "आमच्या गच्चीवरचा दिवा बंद!" मग तो काकूंकडे वळला. "टेप आणलीय ना, काकू? या, खिडक्यांची मापं घ्या."

काकूंच्या इमारतीत बंद करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नर्सनं चक्क डोळे पुसले.

"आमचा एक मीटर बंद," हॉर्न म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच हळू.

"अख्खा मीटर? कुणाचा?"

"माझा. कायमचा."

औषधवाला खो खो हसला. "आणि राहणार कुठं? बसस्टॉपवर?"

काकूंनी पिशवीतून एक नवाकोरा सदरा काढला आणि हॉर्नच्या पाठीला लावून पाहिला. खांदे बरोबर. बाह्या बरोबर.

"अगंबाई," नर्स म्हणाली, "माप कधी घेतलंत?"

"रोजच तर काढत होते," काकू म्हणाल्या. "आता फक्त ओलांडायचं राहिलंय. ह्यांनी."