ओळंबा थांबेपर्यंत

चर्चची हीच भिंत बांधताना बाबा परांचीवरून पडून वारले आणि मी देवाशी बोलणं टाकलं. वर्षभर भिंत अर्धीच राहिली. आज पाळकांनी बोलावून बाबांचा ओळंबा, भिंत सरळ आहे का ते पाहायचा दोरीचा गोळा, हातात ठेवला. “तूच पूर्ण कर.” “बाप नेला, आता मीही हवाय तुमच्या देवाला?” मी विचारलं. चिडूनच वर चढलो, ओळंबा सोडला. दोरीला बाबांच्या हातचं सिमेंट अजून चिकटलेलं. गोळा डोलू लागला. अशा वेळी बाबा डोळे मिटायचे. मजूर म्हणायचे, “मिस्त्री झोपले.” बाबा मला सांगायचे, “हलतोय तोवर वीट ठेवायची नाही, बाळा. तेवढ्यात प्रभूला विचारून घ्यायचं.” वीट घेऊन उभा राहिलो. ठेवावी की खाली उतरावं, कळेना. डोळे मिटले. देवाला म्हटलं, “सांग आता.” उघडले तेव्हा ओळंबा थांबला होता. बाबांच्या शेवटच्या विटेवर माझी वीट ठेवली.