निप्पलच्या जागी बोल्ट

"ही बाई ग्रीसच मारत नाही!" जनार्दन मिस्त्री सगळ्यांदेखत म्हणाला. कॉलेजच्या मैदानावर गवत कापणाऱ्या यंत्राचं बेअरिंग जळालं होतं. सुपरवायझरने ते ओढणारा ट्रॅक्टर चालवणाऱ्या शेवंताबाईंकडून चावी घेतली आणि त्यांना झाडलोटीला लावलं.

"रोज मारते हो, मिस्त्री," एवढंच त्या म्हणाल्या.

मिस्त्री यंत्राखाली शिरला आणि अडकलेलं गवत खरवडू लागला. ज्यांतून ग्रीस आत भरतात ती बाकीची दोन्ही निप्पलं ग्रीसने माखलेली होती. जळक्या बेअरिंगपाशी मात्र निप्पलच नव्हतं, भोकात आखूड बोल्ट होता. गेल्या वर्षी निप्पल मोडलं तेव्हा, उद्या नवं आणू म्हणत त्यानेच तो आवळला होता आणि साफ विसरला होता.

बेअरिंग बदललं, नवं निप्पल बसवलं, तरी त्याला बाहेर यायचा धीर होईना. शेवटी बोल्ट घेऊन तो सुपरवायझरपुढे उभा राहिला. "चूक माझी आहे, साहेब. बाईंची नाही."

"असू दे हो मिस्त्री, होतं कधीकधी," साहेब हसले. "चहा घेणार?"

"चहा राहू द्या. आधी त्यांची चावी द्या."

व्हरांड्यातला झाडूचा आवाज थांबला. तिकडे बघायचं धाडस मात्र मिस्त्रीला झालं नाही.