एकाच पानावर दोघी

"लिहायचं हे तिसरं आणि शेवटचं नवं साधन," साहेब म्हणाले. "तिन्हींतलं एक निवडा आणि माझी सुटका करा."

दवाखान्यांसाठीच्या सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका ताई आणि चष्मेवाली मिळून लिहीत. ती लिहायचं त्यांचं जुनं साधन मोठं कजाग. फाइल एका वेळी एकीनंच उघडायची, नाहीतर मागून सेव्ह करणारी पहिलीचं लिखाण गिळून टाकायची. म्हणून फाइलीत शिरण्याआधी निळा स्टेपलर आपल्या टेबलावर आणून ठेवायचा, असा दोघींचा रिवाज. महिन्यापूर्वी स्टेपलर कपाटातच राहिला, दोघी एकाच वेळी आत शिरल्या, आणि ताईच्या सेव्हनं चष्मेवालीचा अख्खा धडा गेला. वर ताईच तिच्यावर ओरडली.

तेव्हापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता. साहेबांचा पार पोस्टमन झाला होता. असंच चाललं तर पुस्तिका बाहेर लिहायला देईन, असं त्यांनी बजावलंही होतं. पण ताईला कामाची नाही, त्या पोरीची चिंता होती. तिचं न बोलणं ताईला खात होतं.

"एकच पान उघडा दोघी," साहेब म्हणाले. "आणि घाला गोंधळ. सवय आहेच."

ताईनं 'रुग्णाची वेळ बदलण्यासाठी' एवढं लिहिलं, तोच शेजारी एक हिरवी रेघ येऊन लुकलुकू लागली. चष्मेवालीची. दोघी एकाच पानावर होत्या आणि कुणाचं काही पुसलं जात नव्हतं. मान वर करायचा धीर ताईला होईना. बोटांना मात्र झाला.

'धडा माझ्यामुळे गेला. उलट तुलाच बोलले. चुकलं माझं.'

पान साहेबांच्या प्रोजेक्टरमुळे समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत दिसतंय, हे ती साफ विसरली होती. साहेबांनी घसा खाकरला आणि ते खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघू लागले.

हिरवी रेघ थबकली. आता पुसणार, ताईला वाटलं. पण खाली अक्षरं उमटली: 'स्टेपलर मीही घेतला नव्हता.'

ताईच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे भरून आले, ते तिनं खुशाल भरू दिले.

"मग काय ठरलं?" साहेबांनी खिडकीलाच विचारलं.

चष्मेवालीनं खुर्ची ताईकडे वळवली.

"हेच घ्यायचं ना गं, ताई?"